फास्ट चार्जिंगची पॉवर बँक: निवडायची कशी, वापरायची कशी

पॉवर बँक घेताना बहुतेक जण खोक्यावरचा मोठा आकडा आधी बघतात. १०,०००, २०,०००, ३०,०००. मग ती बँक घरी येते, फोनला लागते, आणि तासाभरानंतरही फोन जेमतेम तिसऱ्या हिश्शापर्यंत पोचलेला असतो. बँकेत वीज भरपूर असते, पण ती फोनपर्यंत वेगाने जात नाही. साठा किती आणि वेग किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोक्यावरचा मोठा आकडा फक्त साठ्याबद्दल बोलतो, आणि तोही पुढे बघू तसा जरा फुगवूनच.

वेग ठरतो तो फोन, केबल आणि पॉवर बँक या तिघांनी मिळून. तिघांत जो सर्वांत कमी ताकदीचा, त्याच्या वेगाने चार्जिंग होतं. म्हणून ६५ वॅटची बँक घेतली तरी २० वॅट घेणारा फोन २० वॅटच घेणार, आणि जुनी केबल लावली तर तेवढेही नाही. त्यामुळे खरेदीची सुरुवात बँकेपासून करूच नका. ती फोनपासून करा.

पहिली पायरी: फोन काय घेतो ते शोधा

फोनला केबल लावली की पहिल्या क्षणी दोन्ही बाजूंत बोलणी होतात. बँक सांगते, माझ्याकडे अमुक व्होल्ट आणि अमुक अँपिअर आहेत. फोन त्यातला आपल्याला चालेल तो पर्याय मागतो. दोघांना एकच पद्धत येत असेल तर चार्जिंग जलद होतं. येत नसेल तर दोघं ५ व्होल्टवर उतरतात आणि मग चार्जिंग रेंगाळतं. या पद्धती बऱ्याच आहेत, पण तुमच्या फोनची कुठली हे शोधणं अवघड नाही.

फोनबरोबर आलेला किंवा कंपनीने सुचवलेला चार्जर हातात घ्या आणि त्यावरच्या बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ची ओळ वाचा. समजा तिथे ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.७७ अँपिअर असं आहे आणि पुढे पीपीएस (व्होल्टेज बारीक टप्प्यांनी बदलण्याची सोय) म्हणून ३.३ ते ११ व्होल्ट असा पट्टा दिला आहे. व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार म्हणजे वॅट. ९ गुणिले २.७७ म्हणजे साधारण २५ वॅट. सॅमसंगच्या २५ वॅटच्या चार्जरवर हेच आकडे असतात. अशा फोनसाठी यूएसबी पीडी, म्हणजे अनेक कंपन्यांना सामाईक असलेली जलद चार्जिंगची पद्धत, आणि त्यातही पीपीएस असलेली बँक हवी. पीडीमध्ये व्होल्टेजच्या ठरलेल्या पायऱ्या असतात: ५, ९, १५ आणि २०. पीपीएसमध्ये फोन २० मिलिव्होल्टच्या बारीक टप्प्यांनी व्होल्टेज कमी-जास्त मागू शकतो. त्यामुळे व्होल्टेज उतरवण्याचं काम फोनच्या आत कमी होतं आणि फोन कमी तापतो. सॅमसंगचा फोन पीपीएस नसलेल्या पीडी बँकेवर चार्ज होतो, पण ‘सुपर फास्ट’ दाखवत नाही, त्याचं कारण हेच. गूगलच्या पिक्सेल फोनलाही पीपीएस मानवतं.

आयफोनचं काम सोपं आहे. आयफोन ८ पासून पुढच्या सगळ्या मॉडेलना साधं पीडी पुरतं. अलीकडच्या बहुतेक मॉडेलसाठी २० वॅटवर अर्ध्या तासात सुमारे ५० टक्के, असा अॅपलचा स्वतःचा आकडा आहे.

खरी गुंतागुंत वनप्लस, ओप्पो, रिअलमी यांसारख्या फोनची आहे. त्यांच्या चार्जरवर १० व्होल्ट ६.५ अँपिअर असं काही दिसलं तर समजावं, की ही कंपनीची स्वतःची पद्धत आहे. व्होल्टेज कमी आणि अँपिअर जास्त, हा तिचा गाभा. त्यासाठी चार्जर आणि केबल दोन्ही त्याच घराण्यातले लागतात. बाजारातली सर्वसाधारण पॉवर बँक या फोनना ६५ किंवा ८० वॅट देणार नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. काही मॉडेल पीडीवर १०-१८ वॅटांपुरतीच थांबतात, काही नवी मॉडेल पीपीएसवर बरीच वर जातात. म्हणून अशा फोनसाठी ‘माझं मॉडेल पीडी किंवा पीपीएसवर किती वॅट घेतं’ हा नेमका प्रश्न विचारून मगच पैसे घाला. नुसतं ‘फास्ट चार्जिंग आहे का?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’ असंच येतं.

किती वॅट पुरे?

फोनपुरतं बोलायचं तर २० ते ३० वॅटची पीडी-पीपीएस बँक बहुसंख्य लोकांना पुरते, असं माझं स्पष्ट मत आहे. ४५ वॅट घेणारा फोन असेल तर तेवढं बघावं. लॅपटॉपही चालवायचा असेल तर ६० ते १०० वॅट लागतील, आणि त्याबरोबर वजन वाढेल.

वॅट उगाच का वाढवू नयेत? कारण जाहिरातीतला वेग थोडाच वेळ टिकतो. लिथियमची बॅटरी रिकामी असताना भरपूर वीज घेते, पण जसजशी भरत जाते तसतसा फोन प्रवाह कमी करत नेतो. काठोकाठ आलेल्या घागरीत आपण पाण्याची धार बारीक करतो तसं. २० ते ६० टक्क्यांचा प्रवास झपाट्याने होतो, ८० च्या पुढे चाल मंदावते, आणि शेवटचे दहा टक्के बँक कितीही दमदार असली तरी सावकाशच भरतात.

दुसरी पायरी: साठ्याचा खरा हिशेब

१०,००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, खोक्यावरच्या साठ्याचं एकक) हा आकडा बँकेच्या आतल्या सेलचा आहे, आणि सेलचं व्होल्टेज साधारण ३.७ असतं. फोनला मात्र ५, ९ किंवा त्याहून जास्त व्होल्ट लागतात. व्होल्टेज चढवलं की एमएएचचा आकडा उतरतो. म्हणून एमएएच बाजूला ठेवा आणि वॅट-अवर, म्हणजे साठलेली एकूण ऊर्जा, बघा. एमएएचला हजाराने भागून ३.७ ने गुणलं की वॅट-अवर मिळतात:

१०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-अवर.
२०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर.
२७,००० एमएएच म्हणजे जेमतेम १०० वॅट-अवर.

व्होल्टेज बदलताना साधारण १० ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते. म्हणजे ३७ पैकी ३१-३३ वॅट-अवर बाहेर पडतात. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी सुमारे १९ वॅट-अवरची असते, आणि फोनच्या आतही थोडी वीज वाया जाते, म्हणून फोन पूर्ण भरायला २१ धरा. हिशेब सरळ आहे: १०,००० ची बँक असा फोन दीड वेळा भरते, दोन वेळा नाही. २०,००० ची बँक तीन वेळा भरते, चार नाही. खोटेपणा म्हणाल तर तो इथे नाही, विजेचा नियमच तसा आहे. चांगल्या कंपन्या ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून ५ व्होल्टवर खरोखर मिळणारा आकडा बारीक अक्षरांत छापतात. १०,००० च्या बँकेवर तो साधारण ५,५०० ते ६,५०० च्या घरात असतो. हा आकडा ज्या बँकेवर छापलेलाच नाही, ती मी तरी घेणार नाही.

खोटेपणा दुसरीकडे असतो. तळहातात मावणारी, हलकीफुलकी बँक आणि तिच्यावर ५०,००० एमएएच! सेलमध्ये एका किलोला सुमारे २०० ते २६० वॅट-अवरच मावतात. ५०,००० म्हणजे १८५ वॅट-अवर, म्हणजे नुसते सेलच पाऊण किलोच्या आसपास. खरी १०,००० ची बँक साधारण २०० ग्रॅमची असते आणि २०,००० ची ३५० ते ४५० ग्रॅमची. ऑनलाइन घेताना वजनाची ओळ आवर्जून वाचा. आकडा फुगवता येतो, पण वजन फारच कमी असेल तर तेवढे सेल आत असूच शकत नाहीत.

रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला १०,००० पुरतात. २०,००० ची बँक दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला, घरातल्या दोन-तीन फोनना किंवा वीज वारंवार जाते तिथे. रोज पिशवीत बाळगायला ती जड होते, मग ती घरी राहते आणि नेमकी गरजेच्या वेळी हाताशी नसते.

तिसरी पायरी: बँकेचं लेबल ओळीने वाचा

बँक उलटी करा. मागे बारीक अक्षरांत प्रत्येक पोर्टची वेगळी ओळ असते. टाइप-सी म्हणजे छोटा, लंबगोल पोर्ट, आणि टाइप-ए म्हणजे जुना, मोठा आयताकृती. एक नमुना घेऊ:

टाइप-सी आउटपुट: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.२२ अँपिअर, १२ व्होल्ट १.६७ अँपिअर.
टाइप-ए आउटपुट: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २ अँपिअर, १० व्होल्ट २.२५ अँपिअर.
एकूण आउटपुट: ५ व्होल्ट ३ अँपिअर.

अशा बँकेच्या खोक्यावर ठळक ‘२२.५ वॅट’ असतं. आता बघा ते कुठून आलं. टाइप-सी पोर्ट २० वॅट देतो. २२.५ वॅट फक्त टाइप-ए पोर्टमधून मिळतात, १० व्होल्ट गुणिले २.२५ अँपिअर. ही मुळात हुआवेची पद्धत आहे. तुमचा फोन आयफोन किंवा सॅमसंग असेल तर ते २२.५ तुमच्या वाट्याला येतच नाहीत. पीपीएसचा पट्टाही या लेबलवर नाही, म्हणजे सॅमसंगला ‘सुपर फास्ट’ मिळणार नाही.

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी वाचली जाणारी. दोन पोर्ट एकाच वेळी वापरले तर सगळे मिळून ५ व्होल्ट ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅट. दोन फोन लावले की दोघांचंही फास्ट चार्जिंग बंद! मोठ्या बँकांत ही वाटणी जरा उदार असते, ६५ चे ४५ आणि २० वगैरे. घरात दोन जण एकाच वेळी चार्जिंग करणार असाल तर ही ओळ बघितल्याशिवाय बँक घेऊ नका.

‘इनपुट’ची ओळही वाचा. बँक स्वतः किती वेगाने भरते ते तिच्यावरून कळतं. इनपुट ५ व्होल्ट २ अँपिअर असेल, तर २०,००० ची बँक भरायला नऊ-दहा तास लागतात. १८ वॅटच्या इनपुटला तेच काम पाच-सहा तासांत होतं. त्यासाठी भिंतीतला चार्जरही तेवढ्या वॅटचा आणि पीडीचा हवा. जुन्या फोनचा १० वॅटचा चार्जर लावून ‘बँक लवकर भरत नाही’ ही तक्रार फार ठिकाणी ऐकू येते.

चौथी पायरी: केबल

निम्म्या तक्रारींचं मूळ इथे निघतं. टाइप-ए ते टाइप-सी केबलमधून पीडीची बोलणी होतच नाहीत. पीडी हवं असेल तर केबलच्या दोन्ही टोकांना टाइप-सी हवं, किंवा आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलसाठी एका टोकाला सी आणि दुसऱ्या टोकाला लाइटनिंग, म्हणजे अॅपलचा जुना प्लग.

सी ते सी केबलमध्येही दोन प्रकार आहेत. साधी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅटपर्यंत चालते. त्यापुढे ५ अँपिअरसाठी केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची छोटी चिप लागते, जी बँकेला ‘मला ५ अँपिअर झेपतात’ असं कळवते. सॅमसंगच्या ४५ वॅटसाठीही ५ अँपिअरचीच केबल लागते. ३ अँपिअरची लावली तर फोन मुकाट्याने खालच्या वेगावर जातो. केबलवर किंवा तिच्या पाकिटावर ६० वॅट, १०० वॅट किंवा २४० वॅट असं छापलेलं असतं. १०० आणि २४० वॅटच्या केबल ५ अँपिअरच्या असतात.

लांबीही आखूड ठेवा. अर्धा ते एक मीटर पुष्कळ झालं. लांब आणि बारीक तारेत व्होल्टेज वाटेतच पडतं.

पाचवी पायरी: घरी आणल्यावर तपासा

परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करा. बँक पूर्ण भरा. फोन २० टक्क्यांवर येऊ द्या, स्क्रीन बंद करा, केबल लावा आणि वेळ लिहून ठेवा. लावताच फोनवर ‘फास्ट’, ‘रॅपिड’ किंवा ‘सुपर फास्ट’ असे शब्द येतात का बघा. अर्ध्या तासाने टक्केवारी बघा. ५,००० एमएएचचा फोन २० वॅटच्या बँकेवर या वेळात ६० च्या आसपास पोचायला हवा. ३५ च्याही खाली अडकला, तर केबल बदलून तीच चाचणी पुन्हा करा, मग पोर्ट बदलून. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दोष कुठे आहे ते नक्की कळतं.

ज्यांना नेमकेपणा आवडतो त्यांनी छोटा यूएसबी मीटर घ्यावा. केबल आणि बँक यांच्यामध्ये तो बसतो आणि व्होल्ट, अँपिअर, एकूण वॅट-अवर असं सगळं दाखवतो. पडद्यावर ९ व्होल्टच्या आसपास आकडा आला की बोलणी जमली. ५ वरच राहिला, तर कुठेतरी बिनसलं आहे.

रोजच्या वापरातल्या गोष्टी

फोन १५-२० टक्क्यांवर आला की बँक लावा आणि ७०-८० ला काढा. वेगाचा खरा फायदा याच पट्ट्यात आहे. दिवसभर खिशात दोन्ही जोडून ठेवले तर चार्जिंग चालू-बंद होत राहतं, बँकेची स्वतःची यंत्रणा वीज खात राहते आणि दोन्ही वस्तू तापतात.

तापणं हा वेगाचा शत्रू आहे. फोन गरम झाला की तो स्वतःच प्रवाह कमी करतो. चार्जिंग चालू असताना गेम किंवा व्हिडिओ कॉल टाळा, जाड कव्हर काढा, आणि फोन व बँक एकावर एक न ठेवता शेजारी ठेवा.

टाइप-सी ते टाइप-सी जोडल्यावर कधीकधी उलटंच होतं: फोनच बँकेला वीज द्यायला लागतो! फोनची टक्केवारी उतरताना दिसली तर घाबरू नका. केबल काढून बँकेचं बटण दाबा आणि पुन्हा लावा. तरीही तसंच झालं, तर अँड्रॉइडवर येणाऱ्या यूएसबीच्या नोटिफिकेशनवर टॅप करून वीज कुणी कुणाला द्यायची ते बदला.

इअरबड आणि स्मार्टवॉच फार कमी वीज घेतात. इतकी कमी, की काही जोडलेलंच नाही असं समजून बँक थोड्या वेळाने बंद होते. बऱ्याच बँकांत बटण दोनदा दाबलं किंवा दाबून धरलं की कमी प्रवाहाचा मोड सुरू होतो. तो आपल्या बँकेत कसा लागतो हे माहितीपत्रकात एकदा बघून ठेवा.

चुंबकाने चिकटणाऱ्या वायरलेस बँका सोयीच्या आहेत, पण जलद म्हणून त्या घेऊ नयेत. २०२३ मध्ये आलेल्या क्यूआय २ या वायरलेस चार्जिंगच्या मानकात १५ वॅट मिळतात, आणि वायरलेसमध्ये केबलपेक्षा बरीच जास्त वीज उष्णतेत जाते. त्याच बँकेला केबल लावली तर फोन लवकरही भरतो आणि जास्त वेळाही भरतो.

विमानाने जाताना

पॉवर बँक चेक-इन सामानात कधीही टाकायची नाही, जवळच्या पिशवीतच ठेवायची. १०० वॅट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी हवी आणि जास्तीत जास्त दोन नग. १६० च्या वर प्रवासी विमानात बंदी. बँकेवरचे आकडे पुसले गेले असतील तर तपासणीत ती अडवली जाऊ शकते, म्हणून छापील लेबलवर स्टिकर चिकटवू नका.

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियाच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. प्रवासी बाहेर पडले म्हणून वाचले. संशय पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर नियम कडक होत गेले आहेत. बऱ्याच कंपन्या बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत, काही जण विमानात ती वापरूही देत नाहीत. तिकीट काढल्यावर आपल्या कंपनीचे ताजे नियम बघून घ्या. आणि बँक सीटच्या फटीत पडली तर सीट हलवू नका. ती चेपली तर पेट घेऊ शकते. आधी कर्मचाऱ्यांना बोलवा.

निगा आणि धोक्याच्या खुणा

बँक बराच काळ वापरायची नसेल तर ती निम्मी भरून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी बघा. पूर्ण रिकामी ठेवली तर सेल कायमचे मरू शकतात. पूर्ण भरून उन्हात ठेवली तर लवकर म्हातारे होतात. बंद गाडीत, खिडकीत, उशीखाली ती नकोच. चार्ज करताना तापमान शून्य ते ४५ अंशांच्या मध्ये हवं. कडाक्याच्या थंडीतून आत आणल्यावर बँक आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच भरायला लावा.

चांगल्या नावाची बँक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जून २०२५ मध्ये अँकरने पॉवरकोर १०००० हे ए१२६३ क्रमांकाचं मॉडेल आगीच्या धोक्यामुळे परत मागवलं. एकट्या अमेरिकेत अशा ११ लाखांहून जास्त बँका विकल्या गेल्या होत्या. घरात जी बँक असेल तिचा मॉडेल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरच्या परत मागवलेल्या वस्तूंच्या यादीत एकदा तपासा. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा.

बँक सपाट टेबलावर ठेवून बोटाने हलकेच फिरवा. ती गरगर फिरली किंवा डुगडुगली, तिच्या कडेची चीर उघडलेली दिसली, तर आतले सेल फुगले आहेत. गोडसर रासायनिक वास आणि काही जोडलेलं नसताना गरम लागणं, याही तशाच खुणा. अशी बँक त्या क्षणापासून बंद. तिला चार्ज करू नका, ‘आधी रिकामी करू’ म्हणून फोनही लावू नका, दाबू नका, टोचू नका, उघडू नका. धूर किंवा फसफस सुरू झाली तर तिच्यापासून लांब व्हा, इतरांनाही लांब करा आणि अग्निशमन दलाला बोलवा. तो धूर विषारी असतो.

नुसती फुगलेली बँक फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत, पडदे आणि कागदांपासून दूर ठेवा. तिच्या पोर्टवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या, देताना ती फुगलेली आहे हे तिथल्या माणसाला सांगा. घरच्या कचऱ्यात ती टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबलं जातं, आणि तिथे भडका उडाला तर तो गाडीवरच्या माणसांच्या अंगावर येतो.